घास भरवताना मोबाईल नको



जालना शहर असो की मंठा, घनसावंगीची वाडी,
घास भरवताना लेकरासमोर मोबाईल येतोच.
लेकरू जेवतं,
पण पोट भरलेलं त्याला उमगत नाही.

आणि बोलणं?
लेकरू बोबडं बोलतं, आपण उत्तर देतो.
भाषा येते ती अशी.
मोबाईल उत्तर देत नाही.

बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते,
2 वर्षांपर्यंत मोबाईल-टीव्ही नकोच.
पुढे 5 वर्षांपर्यंत, दिवसाला फार तर 1 तास.
तोही मोठ्यांसोबत.

आणि हे जमतं.
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये
संध्याकाळी 7 चा भोंगा सुरू केला.
भोंगा झाला की मोबाईल बंद.
मोठ्यांचेही, बरं का!

पुन्हा सांगते,
2 वर्षांपर्यंत मोबाईल नकोच.
आणि 2 वर्षांचं लेकरू दोन शब्द जोडून बोलत नसेल,
तर थांबू नका.
अंगणवाडीताईंना विचारा,
डॉक्टरांना दाखवा.