सासूचा ताज, सुनेचा मकबरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी वेरूळची यात्रा करून आल्यापासून ‘काय पाहिलेत ते सांगा’ असा तुमचा आग्रह आहे. लेणी तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली आहेत. म्हणून आज त्या वाटेवरच्या शहराविषयी चार शब्द बोलते.

मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी गावी हे शहर वसविले. त्याचा भडकल दरवाजा अजून उभा आहे. पुढे शहाजादा औरंगजेब सुभेदार होऊन आला, त्याने शहराला आपले नाव दिले आणि ती मोगलांची दक्षिणेतील राजधानी झाली. २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे.

तेथला बीबीचा मकबरा दुरून पाहिला, की आपण आग्र्यालाच आलो की काय, असे वाटते. तोच उंच चौथरा, चार कोपऱ्यांना चार मनोरे, मध्ये घुमट. जवळ गेल्यावर फरक कळतो. संगमरवर भिंतींच्या खालच्या भागाला आणि वर घुमटाला. मधल्या भागाला चुन्याचा गिलावा. पण त्या गिलाव्यावरची वेलबुट्टी पाहत राहावी अशी! दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहाल रचणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाने सासूची कबर बांधली, मुलाने सुनेची.

आत कबर खालच्या अंगाला आहे. वरून वाकून पाहावी लागते. लोक याला ‘गरिबांचा ताज’ म्हणतात. मला मात्र तेथे वाकले असता निराळेच आठवले. मुमताजमहल १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. तिची सून दिलरसबानू १६५७ मध्ये पाचव्या बाळंतपणानंतर महिनाभरातच गेली. त्या वेळी जन्मलेला अकबर १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. आईविना वाढलेले ते लेकरू!

बायांनो, घरी हत्ती, हकीम, दासी असूनही या दोघी वाचल्या नाहीत. मागून केवढे संगमरवर आले!

आपल्या मार्कंड्याला गेलो, की यमाच्या पाशातून सुटलेल्या मुलाची कथा आपण ऐकतो. आज बाळंतिणीलाही त्या पाशातून सोडविता येते. दिवस राहताच दवाखान्यात नाव नोंदवावे, रक्त तपासावे, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर येण्याआधीच दिवस भरत आलेल्या लेकीसुनेला दवाखान्याजवळच्या नातलगाकडे आणून ठेवावे. एवढे प्रत्येकीने आपल्या आळीपुरते पाहिले, तरी पुष्कळ होईल.

मकबरा जरूर पाहून या. मात्र सून घरात हिंडतीफिरती असतानाच तिची काळजी घ्या, एवढे सांगून मी आपली रजा घेते.