दोन चाफे



चाफा म्हटले की प्रत्येकाच्या मनात वेगळे फूल उमलते. कॉलेजात असताना कवी बी यांच्या कवितेतला चाफा नेमका कोणता, यावर आम्ही मित्र तासन्‌तास वाद घालत असू. आपल्या मराठीने हे नाव सढळ हाताने वाटले आहे. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा. यातला हिरवा चाफा तर सीताफळाच्या कुळातला आणि भुईचाफा हळदीच्या. नाव एक, घराणी निरनिराळी. ही गोष्ट मला पुस्तकातून फार उशिरा कळली. त्याआधी ती दोन कुंड्यांनी शिकवली, आणि शिकवणी जरा महागात पडली.

आमचे जुने घर अंबरनाथला. बैठे, कौलारू, पुढे हातभर अंगण. त्या अंगणात अब्बांनी पांढरा चाफा लावला होता. काही जण त्याला खुरचाफा म्हणतात, काही देवचाफा. देवळाच्या आवारात तो असतो, दर्ग्यापाशी असतो, कब्रस्तानातही असतो. फूल आपोआप गळून खाली पडते, कुणी वाहायला आले नाही तरी कबर रिकामी राहत नाही. अब्बा गेल्यावर अम्मी दर शुक्रवारी या झाडाची ओंजळभर फुले माझ्याबरोबर कब्रस्तानात पाठवत असे.

२०१८ साली ते घर पाडून इमारत उभी राहायची ठरली आणि आम्ही बदलापूरला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. अम्मीने सामानातले काहीच मागितले नाही. एवढेच म्हणाली, "अब्बांच्या चाफ्याची एक फांदी घेऊन ये."

मी हातभर लांबीची फांदी कापली, त्याच संध्याकाळी कुंडीत खोचली आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागलो. अम्मीला बरे वाटावे म्हणून रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून सोनचाफ्याचे कलमही आणले. रोपवाल्याने बजावले होते, "रोज पाणी लागेल." पण माझ्या डोक्यात हिशेब वेगळाच. फांदीला मुळे फुटायची आहेत, तिला पाणी जास्त. कलम तर तयार झाड आहे, शिवाय चाफाच आहे, त्याला दोन-चार दिवसांनी दिले तरी चालेल. तीन आठवड्यांत फांदी बुडाशी काळी पडली, बोटाने दाबली तर मऊ लागली. सोनचाफ्याच्या पानांच्या कडा करपल्या. मी काळी फांदी टाकायला नेली तेव्हा अम्मी काही बोलली नाही. ते न बोलणेच मला जास्त लागले.

मी उल्हासनगरात एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो. शेठची आई, जिला आम्ही सगळे दादी म्हणतो, दुपारी दुकानात येऊन बसते. फाळणीनंतर आई-वडिलांचे बोट धरून, सात-आठ वर्षांची असताना ती इथल्या लष्करी छावणीच्या बराकीत आली. त्या छावणीला उल्हासनगर हे नाव १९४९ साली मिळाले. लोक अजूनही पत्ता सांगताना कॅम्प नंबर सांगतात. दादीच्या गच्चीवर पत्र्याच्या डब्यांत चार-पाच पांढरे चाफे आहेत. माझी कहाणी ऐकून ती हसली. म्हणाली, "अरे बेटा, जखम ओली असताना त्याला पाणी पाजलेस? आधी सुकू द्यायचे असते."

मग तिने समजावले ते असे. पांढऱ्या चाफ्याची फांदी कापली की चीक वाहतो. कण्हेर, सदाफुली, सातवीण यांचे हे घराणे. फांदी सावलीत आठ-पंधरा दिवस नुसती पडू द्यायची. चीक आटतो, कापलेल्या जागी पापुद्रा धरतो, मगच ती मातीत लावायची. मातीत वाळू, विटांचा चुरा, बारीक खडी हवी. सुरुवातीला एकदा पाणी द्यायचे आणि पाने फुटेपर्यंत हात आखडता ठेवायचा. त्या मांसल फांदीत तिचे पाणी तिच्यापुरते असते. हिवाळ्यात तो पाने टाकून भुंडा होतो, तेव्हाही पाणी जवळजवळ बंद. झाड मेले समजून लोक तेव्हाच जास्त पाणी घालतात आणि खरेच मारतात. त्याला ऊन मात्र दिवसभराचे हवे. पावसाळ्यात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा, ती पाने काढून टाकायची.

सगळे सांगून दादी म्हणाली, "हम भी तो ऐसे ही आए थे, बिना जड़ के."

पुढच्या रविवारी मी अंबरनाथला गेलो. झाड पाडून बारा-तेरा दिवस झाले होते. बुंधा कुणी नेला होता. फांद्या कौलांच्या ढिगाशेजारी पडल्या होत्या, सुरकुतलेल्या. वाटले, उशीर झाला. मग लक्षात आले, दादीने सांगितले होते ते हेच. मजुरांनी नकळत माझे काम करून ठेवले होते. दोन फांद्या उचलल्या, लोकलच्या डब्यात पायाशी उभ्या धरून आणल्या. मे महिन्याच्या मध्याला एकीच्या टोकाला पोपटी कोंब दिसला.

आता सोनचाफा. हा आपल्या सह्याद्रीचा आणि हिमालयाच्या पायथ्याचा रहिवासी. त्याचा सगळा नूर वेगळा. तो बाराही महिने हिरवा. फांदी तोडून खोचली तर सहसा रुजत नाही, म्हणून कलम बांधावे लागते. बीपासून वाढवला तर फुलायला सात-आठ वर्षे सहज लागतात, कलमाला मात्र वर्ष-दोन वर्षांत फूल येते. त्याची मुळे नाजूक. पिशवीतून काढताना मातीचा गोळा फुटला तर तो रुसतो, महिनामहिना वाढत नाही. त्याला खोल, मोठी कुंडी, भरपूर शेणखत, ओलसर पण पाणी न तुंबणारी माती लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रोज पाणी आणि बुडाशी पालापाचोळ्याचे पांघरूण हवे. रोप लहान असताना दुपारचे ऊन अडवलेले बरे.

गंमत पाहा, पाहुणा आहे तो पांढरा चाफा. तो मूळचा मध्य अमेरिका आणि त्या बाजूच्या बेटांचा, समुद्रमार्गे इकडे आला. प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव शास्त्रज्ञांनी त्याला दिले. पण लाओस देशात तोच चंपा आहे आणि तेच तिथले राष्ट्रीय फूल. तो रात्री जास्त दरवळतो. पतंग मधाच्या आशेने येतात, फुलात मध नसतोच, पण परागीकरण होऊन जाते. सोनचाफ्याचे कूळ तर इतके जुने, की त्या कुळातल्या फुलांकडे मुख्यत्वे भुंगेरे येतात.

श्रोतेहो, कुंड्यांची निगा शिकता शिकता मला घरातली एक गोष्ट दिसली. दादी पांढऱ्या चाफ्यासारखी, कापलेल्या फांदीवरून उभी राहिलेली. माझी अम्मी तशी नव्हती. चाळीस वर्षे ती एका अंगणात राहिली. बदलापूरच्या घरात लिफ्ट होती, चोवीस तास नळ होता, तरी ती मिटत चालली होती. मी समजत होतो, वय झाले. तिच्या मुळांभोवतीचा गोळाच फुटला होता. त्यानंतर दर रविवारी मी तिला लोकलने अंबरनाथला नेऊ लागलो, जुन्या शेजारणींकडे. दोन तास बसायची, चहा घ्यायची. परतताना रंग वेगळा असायचा.

पहिले पांढरे फूल २०२० च्या मे महिन्यात आले. टाळेबंदी होती, कब्रस्तानात जाता येत नव्हते. अम्मी रोज गळलेली फुले वाटीत पाण्यावर ठेवायची आणि खिडकीशी बसून दुआ मागायची. पुढच्या वर्षी तीही गेली. आता शुक्रवारी मी दोन कबरींपुरती फुले घेऊन जातो. अब्बांना पांढरा, अम्मीला सोनचाफा.

तेव्हा तुम्ही चाफा आणाल, तर आधी विचारा, कोणता? एकाच नावाची माणसे असोत की झाडे, सगळ्यांना एकाच तांब्याने पाणी घालू नका. कुणाला थोडे कोरडे राहू द्यावे लागते, कुणाला त्याच्या मातीसकट उचलावे लागते. हे वेळीच ओळखले तर दोन्ही चाफे एकाच गॅलरीत सुखाने नांदतात.