रात्रपाळीतील डुलकी



वामकुक्षीचे समर्थन आपल्यापुढे करण्याचे कारण नाही. दुपारी जेवल्यावर घटकाभर डाव्या कुशीवर पडणे हा आपण आपला हक्कच मानतो. परंतु पहाटे तीन वाजता आपले माणूस रुग्णालयाच्या खाटेवर कण्हत असावे, आणि शेजारच्या खोलीत तरुण डॉक्टर टेबलावर डोके टेकून झोपलेला दिसावा, की आपल्या डोक्यात तिडीक जाते. ‘झोपा काढायला पगार मिळतो का?’ हा आपला पहिला प्रश्न. त्याचे माझे उत्तर असे की, होय, अर्ध्यापाऊण तासापुरता तो मिळावयास हवा. मात्र काही अटींवर.

शरीराचे तापमान पहाटे चारपाचच्या सुमारास सर्वांत उतरलेले असते आणि माणसाचा सावधपणाही त्याच वेळी तळाला जातो. वैद्यकाची पदवी घेतली म्हणून हे घड्याळ कोणाला सवलत देत नाही. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की, सलग २४ तास जागलेल्या माणसाची हात आणि डोळे यांची सांगड, रक्तात सुमारे ०.१० टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी ढासळते. आपल्या मोटार कायद्यात वाहन हाकणाऱ्याला ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे हे प्रमाण तिच्या तिपटीहून जास्त झाले! मद्य प्यालेल्या माणसाकडून आपण टाके घालून घेणार नाही. जागलेल्याकडून मात्र घेतो, आणि वर त्याच्या कष्टाळूपणाचे कौतुकही करतो.

आता डुलकीचा उपयोग किती? अमेरिकेत आपत्कालीन विभागातील ४९ डॉक्टर व परिचारिका यांच्यावर केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींना पहाटे ३ वाजता ४० मिनिटे झोपण्याची मुभा दिली. झोप लागली ती सरासरी २५ मिनिटेच. तरी सकाळी साडेसात वाजता घेतलेल्या चाचणीत, न झोपलेल्यांपेक्षा त्यांचे लक्ष कमी वेळा चुकले. नकली मोटार चालवावयास दिली तेव्हा त्यांनी ती कमी धोक्याने चालवली. ही गोष्ट क्षुल्लक समजू नका. पाळी संपवून घरी निघालेला डॉक्टर त्याच रस्त्यावर असतो, ज्यावर आपली मुले शाळेला निघालेली असतात.

पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजूही आहे. उठल्याबरोबर, चार वाजता, झोपलेल्यांची स्मरणशक्ती उलट मंदावलेली आढळली. झोपेचा अंमल उतरायला वेळ लागतो. म्हणून डोळे उघडताच औषधाची मात्रा ठरवू नये. तोंडावर पाणी मारावे, चार पावले चालावे आणि मग लेखणी हाती घ्यावी. दुसरी अट अधिक कठीण. तेवढा वेळ रोग्याची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी घेतली पाहिजे. शिकागो विद्यापीठात अशी सोय करून पाहिली, त्याचा वृत्तांतही २००६ चाच. शिकाऊ डॉक्टरांची झोप सरासरी ४१ मिनिटांनी वाढली. पण आपला पेजर दुसऱ्याच्या हाती देण्यास पुष्कळांचे मन धजेना. आपला रोगी आपणच सांभाळावा, ही ती भावना. भावना उत्तम खरी; डोळे मिटत असताना मात्र ती रोग्याच्या कामाची नाही.

कोणी म्हणेल, मग द्या यांना वीस मिनिटे आणि घ्या छत्तीस तास काम. नाही! सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात, रात्री जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ दिवसा झोपावे असे सांगितले आहे. आठ तासांच्या जागरणाला चार तास झोप. हा हिशेब डुलकीने फिटत नाही. आपल्या केंद्र शासनाने १९९२ च्या योजनेत निवासी डॉक्टरांचे सलग काम साधारणतः दिवसाला १२ तासांपेक्षा अधिक नसावे असे लिहून ठेवले. त्यातला ‘साधारणतः’ हा शब्द बराच ऐसपैस आहे.

तेव्हा पुन्हा कधी तीन वाजता तुम्हाला तो झोपलेला डॉक्टर दिसला, तर परिचारिकेला विचारा, ‘बाई, यांच्या जागी आत्ता कोण आहे?’ तिने नाव सांगितले तर दार हलकेच लोटून घ्या. नाव सांगता आले नाही तर तक्रार अवश्य करा. मात्र तक्रारीत त्या डॉक्टरचे नाव घालू नका, पाळ्या कोणी लावल्या ते विचारा.