सही करण्याआधी

8 मार्च म्हटलं की आपल्याला महिला दिन आठवतो. याच तारखेला, 1948 साली, आपल्या सातारा भागातलं औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. आज त्याच औंधची गोष्ट सांगते.

मागे आमच्या गटाची सहल यमाईच्या दर्शनाला गेली होती. डोंगराच्या वाटेवरचं संग्रहालयही बघितलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे. त्यांनीच ते उभं केलं. एक काकू म्हणाल्या, "राजाला काय कमी? जमवली असतील चित्रं." मी म्हटलं, "काकू, या राजानं जमवलं तसं सोडलंही."

औंध तसं लहान, 72 गावांचं संस्थान. पण 1939 साली, देश स्वतंत्र व्हायच्या आधी आठ वर्षं, राजांनी आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन महात्मा गांधींकडे गेले. गांधीजींच्या सल्ल्यानं औंधची राज्यघटना तयार झाली. गावानं पाच पंच निवडायचे, गावाचा कारभार गावानंच बघायचा, तंटेही गावातच मिटवायचे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं कैदी भिंतीविना राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा त्यावरूनच सुचला.

हे सांगताना माझीच मला लाज वाटली. मागच्या ग्रामसभेचं रजिस्टर आमच्या घरी आलं होतं. मी भाकऱ्या थापत होते. पिठाचा हात पुसला आणि सही केली. कसला ठराव, किती पैसे, काही विचारलं नाही. मी बी.ए. झालेली, गटाच्या बायकांना "न वाचता सही करू नका" असं दर महिन्याला सांगणारी!

मैत्रिणींनो, आपल्याकडं आज पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, असा कायदाच आहे. औंधच्या लोकांना राजानं दिलं, आपल्याला कायद्यानं दिलं. पण दिलेलं वापरलं नाही, तर ते कागदावरच राहतं.

आमच्या गटानं आता ठरवलंय. सही सभेत बसूनच करायची, घरी आलेल्या रजिस्टरवर नाही. महिला सभेत आपला एक तरी विषय लिहून द्यायचा. पुढच्या खेपेला आमचा विषय आहे पाण्याच्या टाकीचा. गटाचं पासबुक आपण पै-पैसह वाचतो ना? मग गावाचं रजिस्टरही वाचूया.

तुमच्या गटाचा विषय कोणता, तो येत्या बैठकीत ठरवा. येते मी. रामराम.