कर्जाच्या कागदांवरून छतावर

(महिला मेळाव्यात अनुभवकथनाच्या सत्रात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मी नोकरी का बदलली, यावर बोलायला मला सांगितलं आहे. आमच्या घरी विचाराल तर एकच उत्तर मिळेल, हिचं डोकं फिरलं म्हणून.

अकरा वर्षं मी सांगलीत एका बँकेसाठी गृहकर्जाची गिऱ्हाइकं आणायचं काम केलं. पगार बेताचा, कर्ज मंजूर झालं की वर टक्केवारी. बिल्डरच्या ऑफिसात खुर्ची टाकून बसायचं, पगारपत्रकं गोळा करायची आणि सह्या घ्यायच्या. सह्या घेण्यात माझा हात कोणी धरत नसे. बाईमाणूस म्हणून मला थेट स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश. “वहिनी, इथं आणि इथं,” म्हटलं की वहिनी पदराला हात पुसून सही करायच्या. कशावर, ते त्या विचारायच्या नाहीत आणि मी सांगायचे नाही.

त्या सहीचा अर्थ आज सांगते. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर हवं तेवढं कर्ज बसत नसलं, की बायकोचा पगार हिशेबात धरतात. ती सहकर्जदार होते. म्हणजे हप्ते थकले तर बँक तिच्याकडे पूर्ण रक्कम मागू शकते, अर्धी नाही. पण सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे. मालकी खरेदीखतावर ज्याचं नाव, त्याची. घराच्या सगळ्या मालकांना बँक कर्जात घेते. कर्जात घेतलेल्या सगळ्यांचं नाव घरावर लागतंच असं नाही.

१ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, आणि ज्या घरांत तोवर तिचं नाव काढत नव्हते त्यांनाही ते आठवायला लागलं! पैसे वाचतात म्हणून का होईना, नाव लागलं, हे मी चांगलंच मानते.

एक दिवस एक नर्सबाई मला शोधत आल्या. नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं, हप्ता मात्र दरमहा त्यांच्या पगाराच्या खात्यातून जात होता. घर नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या नावावर. भांडायला आल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “ताई, सही तुम्हीच घेतली होती ना?” मी त्यांना हप्ते गेल्याचे खातेउतारे काढून ठेवायला सांगितलं, वकीलबाईंकडे नेलं. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी काही दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला नाही. मुलीची फी होती. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या २० लाखांचा हप्ता होतो साधारण साडेपंधरा हजार. दर साडेनऊ टक्के झाला, तर त्या २० लाखांचं महिन्याचं नुसतं व्याजच पंधरा हजार आठशेच्या वर जातं. “हप्ता तोच ठेवू, मुदत वाढवू” असं मी लोकांना सांगत होते, आणि घरी येऊन कॅल्क्युलेटरवर आकडे बघत बसत होते.

२०२४ मध्ये सोडलं. छतावरच्या सौर पॅनेलच्या विक्रीत शिरले. वय ४४. पहिले चार महिने कमाई निम्म्यावर आली, हे लपवत नाही. सासूबाई म्हणाल्या, आता लोकांच्या गच्च्यांवर चढणार का? चढते! टेप घेऊन चढते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी, हे मी आधीच सांगते. पॅनेल पुसावी लागतात, कबुतरं घाण करतात, हेही सांगते. त्यानं काही गिऱ्हाइकं जातात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरलं. आणि इथं पुन्हा तोच कागद समोर आला. अर्ज वीजबिलावरच्या नावानं करावा लागतो. बिल कोणाच्या नावावर? नवऱ्याच्या, नाहीतर वारून दहा वर्षं झालेल्या सासऱ्यांच्या. वीज जाळली किती म्हणून बोलणी मात्र बाई खाते.

म्हणून आता मी बोलणं सुरू करते ते बिल बघून. “वहिनी, घर कोणाच्या नावावर आहे?” हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारते. एकदा नवरा म्हणाला, तुम्ही पॅनेल विकायला आलात की भांडण लावायला? ती विक्री गेली. पुढच्या महिन्यात त्याच वहिनींचा फोन आला, घराच्या उताऱ्यावर नाव कसं लावतात विचारायला.

ज्यांनी आज वीजबिल किंवा कर्जाचे कागद सोबत आणले असतील, त्यांनी जेवणानंतर मागच्या दारापाशी या. मी तिथंच सतरंजीवर बसलेली असेन.