रोजगाराची हमी आणि तिचा खर्च

शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यांमध्ये एक लहानशी रक्कम असते. दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. वर्षाकाठी २,५०० रुपये. हा व्यवसाय कर. या सभेस उपस्थित असलेल्यांपैकी अनेकांच्या पगारातून तो वर्षानुवर्षे कापला गेला असेल; परंतु तो मुळात कशासाठी बसविण्यात आला, याची आठवण क्वचितच होते. १९७५ साली महाराष्ट्राने हा कर लागू केला तो खेड्यातील मजुराला काम देता यावे म्हणून. शहरातील नोकरदाराने व व्यापाऱ्याने ग्रामीण बेकाराच्या मजुरीचा वाटा उचलावा, आणि अशा करांतून जेवढा निधी जमेल तेवढीच भर शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, अशी ती योजना होती. गरिबाला काम द्यावे की रोख रक्कम, आणि हमी दिलीच तर तिचा भार कोणी सोसावा, हा वाद आज देशभर चालू आहे. त्याचा महाराष्ट्रातील इतिहास या कपातीच्या रकान्यापासूनच सांगावा लागतो.

‘मागेल त्याला काम’ ही कल्पना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती असताना, १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे त्यांनी तिचा प्रयोग घडवून आणला. पुढे १९७२-७३ चा भीषण दुष्काळ आला. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास पोहोचली होती. खडी फोडणारे हात ज्यांनी त्या उन्हाळ्यात पाहिले, त्यांना ही योजना कागदी वाटणे शक्यच नव्हते. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमी कायदा संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावा, अशी तरतूद त्यात होती. रुपया थोडा खरा. पण काम मिळणे हा हक्क आहे आणि तो न पुरविल्यास शासन देणे लागते, हे तत्त्व त्या रुपयाने मान्य केले.

या योजनेच्या बाजूने अर्थशास्त्रज्ञ जो मुख्य युक्तिवाद करतात तो साधा आहे. वैशाखाच्या उन्हात माती उचलायला गरजवंताखेरीज कोण येईल? उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेचा रंग, ओळखीची चिठ्ठी यांपैकी काहीही न पाहता गरजू माणूस आपण होऊन पुढे येतो. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात सार्वजनिक कामांवरच भर दिला होता. १९८५ मध्ये रथ यांनी, कर्जावर दुभती जनावरे व तत्सम साधने देऊन दारिद्र्य हटेल काय, अशी शंका उपस्थित केली, तेव्हा मो. ला. दांतवाला यांनी तिला उत्तर दिले. तो वाद आजही वाचण्यासारखा आहे. योजनेवरील कामांत स्त्रियांचा वाटा किती मोठा आहे, याकडे कुमुदिनी दांडेकर यांनी १९८३ सालच्या पुस्तकात लक्ष वेधले. त्याच वर्षी हेरिंग व एडवर्ड्स या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मात्र दुसरी बाजू मांडली. मजुरी मजुराला मिळते, पण पाझर तलावाचे पाणी जमीनवाल्याच्या विहिरीत उतरते, हा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. तो खोडून काढणे अद्याप कोणास जमलेले नाही.

योजनेची खरी कसोटी १९८८ साली लागली. त्या वर्षी राज्यातील किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले आणि योजनेवरील मजुरीही त्या पातळीस आणावी लागली. मजुरी वाढली म्हणजे मागणी वाढणार, आणि मागणी वाढली म्हणजे खर्च वाढणार, हे उघड होते. पण निधी त्या वेगाने वाढला नाही. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा निष्कर्ष काढला, की मजुरीवाढीनंतर कामाची एक प्रकारे शिधावाटप सुरू झाली आणि हमीला बाध आला. कायद्याचा एक शब्दही बदलला नव्हता. हमी नाकारण्यासाठी आदेश काढावा लागत नाही, हे प्रशासनात काम केलेल्यांना सांगावयास नको. नवे काम सुरू होण्यास विलंब लागतो, मागणीची नोंद उशिराने होते, आणि मजूर दुसरीकडची वाट धरतो. व्यवसाय कराची कमाल मर्यादाही त्याच १९८८ साली घटनादुरुस्तीने २५० वरून २,५०० रुपये झाली. ती त्यानंतर वाढलेली नाही.

केंद्राच्या २००५ च्या कायद्याने ही कल्पना देशभर नेली. प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षात १०० दिवस काम, आणि अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्राकडे. बेकारी भत्ता मात्र राज्याने द्यावयाचा. काम दिले तर खर्च केंद्राचा, न दिले तर राज्याचा, ही रचना चतुर होती. परंतु तारखेची पोच मिळाल्याशिवाय भत्त्याचा दावा उभा राहत नाही, आणि भत्ता प्रत्यक्ष दिल्याची उदाहरणे विरळाच राहिली. तरीही करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, या कायद्याखाली ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघाले. मागणीनुसार निधी वाढू शकतो, याचा तो पुरावा होता.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ केले आहेत. पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाची विभागणी केंद्र ६० व राज्य ४० टक्के अशी ठेवली असून, केंद्र प्रत्येक राज्याचा नियतव्यय आधी ठरविणार आणि त्यावरील खर्च राज्याने सोसावयाचा आहे. राज्याची जबाबदारी वाढल्याने कामाची निवड व देखरेख काटेकोर होईल, असे समर्थक म्हणतात. ठरावीक रकमेत अमर्याद हमी बसत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. १९८८ नंतरचा महाराष्ट्राचा अनुभव दुसऱ्या पक्षाकडे झुकतो.

मग रोख रक्कमच का देऊ नये? २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नावर एक स्वतंत्र प्रकरण होते. राज्यात २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत पात्र महिलेस दरमहा १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये ठरविण्यात आले. हमीच्या कामाचा २०२५-२६ चा राज्यातील दर दिवसाला ३१२ रुपये होता. कागदावर १०० दिवसांचे ३१,२०० होतात. पण एका कुटुंबाला वर्षात मिळालेल्या कामाची देशाची सरासरी ५० दिवसांच्या आसपासच राहिली आहे, आणि त्याचे १५,६०० होतात. उन्हात न राबता अधिक मिळत असेल, तर कोणती बाई रोख रक्कम नाकारील? वृद्ध, आजारी व अपंग यांना तर कुदळीचा उपयोगच नाही; त्यांच्यासाठी रोख मदतच योग्य. परंतु रोख मदतीला यादी लागते आणि यादीला अटी लागतात. शिवाय, त्या पैशाने घर चालते, नाल्यावर बांध पडत नाही.

नव्या कायद्यातील एक तरतूद ग्रामपंचायतींच्या दृष्टीने विशेष विचारणीय आहे. पेरणी व कापणीच्या दिवसांत शेतीला मजूर मिळावेत म्हणून वर्षात एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवता येतील. शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे, आणि लहान शेतकऱ्याच्या बाबतीत ती खोटीही नाही. मात्र अँबेर व पॅप यांच्या २०१५ च्या अभ्यासात हमी योजनेमुळे झालेली मजुरीतील वाढ प्रामुख्याने कोरड्या हंगामातच, म्हणजे शेतीची कामे कमी असतानाच, आढळली होती. आता हे दिवस राज्याला अधिसूचित करावे लागतील. कोकणातील भातलावणी, विदर्भातील कापसाची वेचणी आणि मराठवाड्यातील सोयाबीनची काढणी एकाच पंधरवड्यात येत नाहीत. बीडचा ऊसतोड मजूर गळीत हंगाम संपवून गावी परततो, तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. त्या वेळी तो कामाची मागणी घेऊन पंचायतीच्या दारात येईल, आणि त्याच्या अर्जावर त्या दिवशीची तारीख पडते की नाही, ते तेथे बसलेल्या ग्रामरोजगार सेवकाच्या हाती असेल.