ओल आणि बाईचे हात

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय, 'दमट हवेत घराची पर्यावरणस्नेही स्वच्छता'. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "आता केर काढायलाही शिबिर का गं?" मला हसू आलं. पण केर कोण काढतं, कशानं काढतं आणि त्यात कोणाचे हात सोलवटतात, हा प्रश्न आपलाच आहे.

माण, खटाव, जतच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे प्यायला पाणी नाही, तुमची ओल कसली घेऊन बसलात! पण महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या बायकांना विचारा. पावसाळ्यात आठवडा आठवडा कपडा वाळत नाही, भिंती पाझरतात, चपलांना नि गोधड्यांना बुरा येतो. आणि आम्ही सांगलीच्या, कृष्णाकाठच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला.

२०१९ चं पाणी ओसरल्यावर मी घरी परतले, तर फरशीवर घोटाभर चिखल आणि घरभर कुबट वास. कधी एकदा सगळं धुऊन काढते असं झालं होतं. त्या घाईत मी संडासात ॲसिड ओतलं आणि वर ब्लीचिंग पावडर टाकली. क्षणात डोळ्यांची आग झाली, छाती भरून आली. धडपडत बाहेर पळाले. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, हे मला माहीत नव्हतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हाच वायू माणसं मारायला वापरला होता!

दुसऱ्या दिवशी मी हे घरकामाला येणाऱ्या मावशींना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला तर संडास धुताना रोजच असा ठसका लागतो, ताई. दोन्ही टाकल्याशिवाय चकाकत नाही म्हणतात." त्यांच्या हातांकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. माझ्याही संडासाला त्या ॲसिडच लावत होत्या, उघड्या हातांनी. मीच आणून दिलेलं.

तेव्हापासून मी काय बदललं ते सांगते.

पहिलं म्हणजे ओल. दमट हवेत निम्मी घाण ओलीतूनच येते. दिवसातून दोनदा बादलीभर पाण्यानं फरशी पुसली, तर आपणच ओल वाढवतो. आधी केर काढावा, मग घट्ट पिळलेलं फडकं फिरवावं. पावसानं उघडीप दिली की खिडक्या उघडाव्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं. भिंतीवरची बुरशी कोरडी झटकू नये, ती हवेत उडून छातीत जाते. नाकाला फडकं बांधून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसावी आणि जागा कोरडी करावी. पावसाळ्याआधी भिंतीला चुन्याचा हात दिला, तर बुरशी सहसा धरत नाही. मात्र चुना भिजवताना तो उकळतो, डोळे सांभाळा.

पण गळतं छप्पर तसंच असेल, तर कितीही पुसा, बुरशी परत येणारच. कौलं फिरवायची की नाही हे ठरवतो तो, कारण घर त्याच्या नावावर. बुरशी पुसते ती!

रोजच्या कामाला साबण आणि धुण्याचा सोडा पुरतो. तांब्या-पितळेला चिंच, नळावरच्या पांढऱ्या थराला लिंबू. जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. राखेनंही हात फुटतात. हाताला जखम असताना शेणात हात घातला, तर धनुर्वाताची भीती असते.

आणि पुराच्या चिखलापुढे लिंबू-रिठा चालत नाही, हे स्पष्ट सांगते. त्यात गटाराचं पाणी असतं, उंदरांचं मूत असतं. पायाच्या चिरेतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तिथे ब्लीचिंग हवंच. पण आधी चिखल ओला असतानाच खरवडून काढायचा, कारण चिखलात ब्लीचिंगची ताकद वाया जाते. गमबूट, हातमोजे घालायचे, खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि त्यात दुसरं काहीही मिसळायचं नाही. विष लागेल तिथे, लागेल तेवढंच.

आता कळीचा मुद्दा. रिठे भिजवा, उकळा, गाळा, हे सगळं करणार कोण? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात २६. पर्यावरण वाचवायचं म्हणून त्या २९९ मध्ये आणखी भर पडणार असेल, तर असलं पर्यावरण मला नको.

गाडगेबाबांनी स्वतः खराटा हातात घेतला. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू केलं ते आपल्या अंजनीच्या आर. आर. पाटलांनी, ग्रामविकास मंत्री असताना. तेव्हा गावोगाव पुरुषांनी रस्ते झाडले. मग तोच खराटा घरच्या मोरीत का जात नाही?

म्हणून तीन गोष्टी मागूया. घरात पुसण्या-धुण्याची पाळी सगळ्यांना. घरकामगार मैत्रिणीला हातमोजे आणि 'ॲसिड वापरणार नाही' म्हणण्याचा हक्क. २००८ च्या घरकामगार कल्याण मंडळ कायद्याखाली तिची नोंदणीही करून घेऊया. आणि पुरानंतर तांदूळ-डाळीबरोबर गमबूट नि हातमोजेही मिळावेत, बायकांच्या मापाचे.

मावशी अजून माझ्याकडे येतात. ॲसिडची बाटली गेली. संडास पूर्वीइतका चकाकत नाही. आठवड्यातून चार दिवस तो माझा मुलगा धुतो. कुरकुरत धुतो, पण धुतो.